पाखाडी स्टेशनावरचा बर्फ

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी पाखाडी स्टेशनावर बर्फ पडला.

वेळ अचूक आहे. चारला दहा कमी असताना मी डोळ्यात थेंब घालायला बाहेर गेले. मोतीबिंदू काढून तीन आठवडे झालेत, थेंब घातल्यावर वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं. परत आले तेव्हा हॉलच्या घड्याळात चार-दहा. तेवढ्या वेळात माझं मे महिन्यातलं स्टेशन, वाळलेलं गवत, तांबडी माती, फलाटावरच्या आंब्यांच्या तीन पाट्या, सगळं पांढरं.

कोणी केलं? खोलीत सात पुरुष. सातही आपापल्या टेबलावर इतके वाकलेले की चर्चमध्ये प्रार्थना चालू आहे असं वाटावं.

"प्रदर्शनाची थीम आहे ना मॅडम या वर्षी," सचिव देवधर म्हणाले. "हेवी स्नो. सर्वानुमते ठरलंय."

ज्या दिवशी सर्वानुमते ठरलं त्या दिवशी मी ऑपरेशन टेबलावर होते. इतिवृत्तात मात्र मी हजर आहे. इतिवृत्त देवधर लिहितात. (यापुढे दे. पूर्ण नावाइतकी शाई घालवणार नाही.)

या मॉडेल रेल्वे क्लबचा एकच नियम मला आजवर पटलेला आहे. टेबलाच्या दोन्ही कडा सगळ्यांच्या सारख्या, म्हणजे रूळ एकमेकांना जुळतात आणि गाडी सगळ्यांच्या गावांतून फिरते. मधे कोणी काय करायचं ते ज्याचं त्याचं. माझ्या मधे पाखाडी आहे. अप्पा तिथे स्टेशनमास्तर होते. नऊ वर्षांची होईपर्यंत मी त्या क्वार्टरमध्ये राहिले, मग वसतिगृह आणि नन्स. सहा वर्षं लागली मला ते चार फुटी टेबल करायला. कौलं एकेक कापलेली आहेत.

आणि बर्फ! घाटाखाली!

नमुना औषधाच्या रिकाम्या खोक्यात घेतला आहे. फोटो काढले आहेत.

शनिवार, १० जाने.

झोप नीट नाही. सकाळी निखिलला सांगितलं. माझा मुलगा, मस्कतमध्ये खौदला विद्यापीठाजवळ आम्ही राहतो ते घर त्याचं, त्यामुळे ऐकून घेणं त्याला भाग आहे. म्हणाला, "आई, खेळण्यातल्या गाड्या आहेत गं." त्याला चहा दिला नाही.

मग मोजमाप केलं. आमचं प्रमाण सत्त्याऐंशीस एक. क्वार्टरच्या कौलांवर थर दोन सेंटिमीटर. म्हणजे खऱ्या पाखाडीत पावणेदोन मीटर. वासे मोडले असते. आई, अप्पा, मी आणि लोणच्याच्या बरण्या, सगळे खाली. ज्याने केलं त्याने बर्फ कधी पाहिलेला नाही हे नक्की.

मीही पाहिलेला नाही, म्हणा. फ्रीजरमधला सोडून. अडुसष्टावं चालू आहे.

फोटो मोठा करून पाहिला तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. क्वार्टरच्या दारापासून फलाटापर्यंत एक वाट आहे. बर्फात झाडून काढलेली, आगपेटीच्या काडीइतकी रुंद, कडा सरळ. आधी वाटलं चुकून बोट लागलं असेल. पण वाट नळाला वळसा घालून जाते. बोट वळसा घालत नाही.

नासधूस करणारा माणूस नंतर झाडू मारतो का?

सोमवार, १२ जाने.

भिंग काढलं. चौतीस वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये काम केलेल्या बाईच्या टेबलावर अज्ञात पांढरा पदार्थ टाकू नये, एवढी अक्कल माणसाला हवी.

निरीक्षण: स्फटिक नाहीत. म्हणजे मीठ नाही, सोडा नाही. दे.नी परदेशातून मागवलेली बर्फाची पूड तर नाहीच, तिचे कण गोल असतात. हे तंतू आहेत. एका तंतूला तपकिरी कड. कागदावर दाबलं, तेलकट डाग.

इतकी वर्षं पोरींना ओरडत आले, नमुना तोंडाजवळ नेऊ नका. आज नेला.

खोबरं.

पाखाडीवर दोन सेंटिमीटर डेसिकेटेड खोबरं पडलेलं आहे. करंजीत घालतात ते.

रागावून बसले होते, तरी हसू आलं. सून डोकावून गेली.

शुक्रवार, १६ जाने.

क्लबात गाडी फिरवून पाहिली. दे.च्या स्वित्झर्लंडातून छान निघाली (त्यांच्या एकट्याच्या टेबलावर पुडीचे दोन डबे, चर्चं बुडालीत), हमदानच्या वाळवंटातून गेली आणि पाखाडीच्या चढावर इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत राहिलं. दोनदा. तिसऱ्यांदा मागे घसरलं. उघड आहे, रुळांना खोबरेल लागलंय.

शिवाय मुंग्या. बोगद्यातून ओळीने येतात, प्रत्येकीच्या तोंडात बर्फ.

"तुमच्या टेबलात मुळातच काहीतरी प्रॉब्लेम आहे मॅडम," दे.

मला कारण माहीत होतं. बोलले नाही. आधी माणूस सापडू दे. शिवाय आता मला त्या वाटेचं पडलं आहे, खोबऱ्याचं नाही.

हमदानशी बोलले. ओमानी, पाइपलाइनवर इंजिनीअर, अस्खलित हिंदी, टेबलावर ओमानची रेल्वे, जी अजून धावत नाही. त्याच्या उंटांवरही बर्फ टाकायला लावलाय. स्वित्झर्लंडची सहल केलेले दे. सोडले तर आमच्यात खरा बर्फ पाहिलेला तोच एकटा, गाव जबल शम्स डोंगराच्या अंगावर आहे. लहानपणी एकदा रात्रभर पडला म्हणे. आजोबांनी सकाळी तो कढईत भरला, वर खजुराचा पाक ओतला आणि सगळ्यांनी खाल्ला.

"और?" मी.

"आवाज़ ख़लास, आंटी. बकरी भी चुप."

सगळ्यात आधी काय केलंत तुम्ही लोकांनी, असं विचारलं.

"पहले दरवाज़ा खोला. फिर बकरी तक रास्ता बनाया. बर्फ में पहला काम रास्ता."

म्हणजे ती वाट बरोबर आहे. बर्फ न पाहिलेल्या माणसाने बर्फातलं पहिलं काम बरोबर केलंय. कोण हा?

मंगळवार, २० जाने.

मस्कतबाहेर बरक्याला गेले. गाडी स्वतः चालवली, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, निखिलने नाही. निमित्त सुरमई. खरं निमित्त दाऊदभाई परकार. क्लबातले सगळे डोंगर त्यांच्या हातचे, बरक्याला बांधकामाच्या सामानाचं दुकान, गाव रत्नागिरीकडे खाडीवर. सातांपैकी खोबऱ्याशी ज्याचा घरोबा असेल असा माणूस तोच. शिवाय त्या दिवशी सगळे वाकले होते, पण टेबलावर न बघता जमिनीकडे बघणारे तेवढे एकटेच.

विचारावं लागलं नाही. दुकानामागेच घर. झुबेदाभाभींनी चहा ठेवला आणि सुरू झाल्या, "बरी आलात ताई. ह्यांना तुम्हीच इचारा. दोन किलो खोबरं मागवलंवतं, क्लबाच्या दिवशी गाडीतच राह्यलं, ता परत आलाच नाय. म्हन्तात सांडलं. दोन किलो सांडतं काय?"

दाऊदभाई सिमेंटच्या पोत्यामागे गेले. साठीचा माणूस.

"बाहेर या," मी म्हटलं. सिस्टर फिलोमिना वर्गात ज्या आवाजात म्हणायची त्याच आवाजात. आले.

"ताई, माज्यानं चुकलं."

"चुकलं ते दिसतंय. का केलंत ते सांगा."

मग कळलं. मी बाहेर डोळे मिटून बसले होते तेव्हा दे.नी जाहीर केलं होतं, माझं, म्हणजे चार नंबरचं टेबल काढू, तिथे साधी जोडपट्टी टाकू. गाडी बर्फातून एकदम मे महिन्यात गेली तर लोक हसतील. बाई नाहीयेत तोवर करून टाकू.

"मी बोल्लो, काढू नका, मी बर्फ टाकतो. साहेब बोल्ले, पाच मिन्टं देतो. डबा उघडला तं रिकामा. सगळा त्यांच्या स्वित्झर्लंडाला गेलेला. मग गाडीत खोबरं आठवलं. पांढरं तं पांढरं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमचं तोंड बघून कुणाची हिंमत झाली असती?"

भाभी हसल्या. मी नाही.

"आणि ती वाट?"

"कुठली?"

"दारापासून फलाटापर्यंत."

"ती व्हय," दाऊदभाई म्हणाले, यात काय विचारायचं अशा सुरात. "मग मास्तर ड्यूटीवर जानार कसा?"

मी भाभींकडे दुसरा चहा मागितला. हे लिहून ठेवायला हवं, कारण असं वारंवार घडत नाही.

परतताना बराच वेळ तेच. अप्पांनी काय केलं असतं? पुरात, तापात, आई गेली त्या दिवसांतसुद्धा ते गाडीच्या आधी दहा मिनिटं फलाटावर असत. कोट, शिट्टी, हातात वेताच्या कडीतला टोकनचा गोळा, पुढचा रूळ मोकळा असल्याची खूण म्हणून ड्रायव्हरला द्यायला. बर्फ पडला असता तर त्यांनी आधी वाट झाडली असती. नळाला वळसा घालून, कारण नळापाशी नेहमी चिखल असे. ते दाऊदभाईंना कसं कळलं? मी चिखल केला होता टेबलावर, चमचाभर. त्यांनी तो पाहून ठेवला होता.

सुरमई गाडीत विसरले. रात्री निखिल बोलला ते लिहीत नाही.

बुधवार, २१ जाने.

दिवसभर स्वयंपाकघरात बर्फ पाडला. चहाची गाळणी, काळा ट्रे, वीतभर उंची.

रवा: गारा वाटतात. मैदा: गोळे होतात. टाल्कम: सुंदर, पण पंखा लावला की बर्फ वर जातो. मीठ: मस्कतच्या हवेत दुपारपर्यंत चिखल.

दाऊदभाईंनी दिलेली संगमरवराची भुकटी (इकडच्याच खाणीतली, फरशीवाले फेकून देतात) सगळ्यांत चांगली. आधी पातळ डिंकाचा हात, मग भुकटी, वाळल्यावर उरलेली फुंकून काढायची. केस वाळवायच्या यंत्राखाली दहा मिनिटं धरलं, एक कण उडाला नाही.

एक शोध लागला. बर्फ सगळीकडे सारखा पडत नाही. ट्रेमधल्या वाटीच्या एका बाजूला साठतो, दुसरी बाजू कोरडी. वारा कुठून आहे ते आधी ठरवावं लागतं. पाखाडीला वारा नेहमी सिग्नलच्या बाजूने यायचा, आईचे कपडे त्याच दिशेने उडायचे. म्हणजे फलाटाची ती कड उघडी राहील. आंब्यांच्या पाट्या वाचतात.

मे महिन्यात बर्फ पडला तर आंब्यांचं काय होतं? कोणाला विचारू?

शुक्रवार, २३ जाने.

सकाळी आठलाच हॉलवर. दाऊदभाई आणि मी. खोबरं ब्रशने काढलं, रूळ स्पिरिटने पुसले, मुंग्यांना बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला साखर ठेवून बाहेर बोलावलं. मग नवा बर्फ. चार मिलिमीटर, म्हणजे पाखाडीत फूटभर. कौलं धरतील.

वाट त्यांना पुन्हा काढायला लावली. मला तशी सरळ जमत नाही.

साडेअकराला इंजिन सोडलं. चढावर क्षणभर दम खाल्ला, मग वर. स्टेशनातून गेलं. दाऊदभाई टाळ्या वाजवायला निघाले होते, माझ्याकडे बघून थांबले. मी म्हटलं वाजवा.

त्यांच्या गावाला तेव्हा रेल्वे नव्हती. पहिली गाडी एकोणिसाव्या वर्षी पाहिली, इकडे यायला निघाले तेव्हा. "आन् मी मास्तरकडं बगत राह्यलो," म्हणाले. "एवढी मोटी गाडी, आन् ह्या एका मानसानं हात केला की थांबते."

संध्याकाळी दे.ची सूचना, सगळ्यांना:

१. टेबल क्र. ४ वरील अडथळ्यांमुळे ते ६ फेब्रुवारीच्या प्रदर्शनात मुख्य मार्गातून वगळण्यात येत आहे.
२. हॉलमध्ये खाद्यपदार्थ आणल्याबद्दल व्यवस्थापकांची तक्रार आली आहे. संबंधित सभासदाने नाव कळवावे. त्याचे सभासदत्व स्थगित होईल.

अडथळा सकाळीच दूर झाला हे दे.नी पाहिलेलं नाही. ते दुपारनंतर येतात.

मंगळवार, २७ जाने.

दाऊदभाईंचा फोन. नाव देतो म्हणाले. "खोटं कशाला, ताई. आल्ला बगतो."

"अल्ला बघतोय तर त्याला माहीतच आहे. देवधरांना सांगायची गरज नाही. तोंडाला कुलूप."

"इन्शाल्ला," म्हणाले. म्हणजे कुलूप पक्कं नाही.

निखिलला सूचना दाखवली. या वेळी खेळण्यातल्या गाड्या म्हणाला नाही. मार्चअखेर त्याचं कंत्राट संपतं, मग सगळे पुण्याला. टेबल विमानात जात नाही. मोडावं लागेल हे मला माहीत आहे, त्यालाही. ६ तारखेला पाखाडीतून गाडी गेली नाही तर मग कधीच नाही.

"मी बोलू का त्यांच्याशी?" म्हणाला.

"तू चहा घे," मी म्हटलं. दोन बिस्किटंही दिली.

शुक्रवार, ३० जाने.

दे.ना समोर उभं करून गाडी चालवून दाखवली. सहा वेळा. सहाही वेळा गेली.

"आता गेली, पण प्रदर्शनात पब्लिकसमोर अडकली तर? रिस्क नको. कोपऱ्यात वेगळं ठेवू ना मॅडम, छान दिसेल. गाडीशिवाय."

"गाडी न येणाऱ्या स्टेशनाला गोदाम म्हणतात."

"आणि खरं सांगू का, हा बर्फ काढूनच टाका. कोकणात बर्फ, लोक काय म्हणतील?"

ऐका! तीन आठवड्यांपूर्वी बर्फ नाही म्हणून काढत होते, आज आहे म्हणून. मी म्हटलं बर्फ राहील. म्हणताना माझी मलाच गंमत वाटली. पण राहील.

मग सौ. देवधर भेटल्या, नवऱ्याचा डबा घेऊन आलेल्या. बाई साध्या आहेत. म्हटलं, तुम्ही स्वित्झर्लंडात खूप बर्फ पाहिला असेल.

"कसला हो! आठही दिवस पाऊस. ढगांशिवाय काही दिसलं नाही. हे खिडकीत बसून राहायचे."

अस्सं. म्हणून पुडीचे दोन डबे.

क्षणभर वाईट वाटलं. अजूनही थोडं वाटतंय. पण न पडलेल्या बर्फाचा सूड पाखाडीवर का? ज्याला बर्फ बघायचा होता त्याने जबल शम्सला जावं, हमदान नेईल. मलाही यायचंय म्हणून सांगितलंय त्याला. "मौसम देखना पड़ेगा आंटी, इन्शाल्ला." हाही इन्शाल्ला.

मुंग्यांबद्दल दे.नी पुन्हा विचारलं, सगळ्यांसमोर. खोबरं कोणाचं? दाऊदभाईंचा हात वर जायला लागला. मी मधे बोलले, लेखी विचारा, लेखी उत्तर मिळेल.

रविवार, १ फेब्रुवारी

विचारलं. लेखी. सकाळी ९ वाजता. म्हणून हे, साडेअकरा वाजता पाठवलं, प्रत इथे उतरून ठेवते.

"सचिव महोदय,

आपल्या आजच्या पत्राचं उत्तर.

१. ९ जानेवारी रोजी दुपारी ३.५० ते ४.१० या वेळात टेबल क्र. ४ वर जो बर्फ पडला तो माझ्या परवानगीने पडला. परवानगी कोणत्या तारखेला दिली हे आपण विचारलेलं नाही, म्हणून सांगत नाही.

२. तो बर्फ खोबऱ्याचा होता. माझ्या टेबलावर जे असतं त्याला मी जबाबदार. मुंग्याही माझ्याच. सभासदत्व स्थगित करायचं असल्यास माझं करावं. प्रदर्शन झाल्यानंतर, आधी नाही.

३. अडथळा २३ जानेवारी रोजी दूर झाला. ३० जानेवारी रोजी आपल्या डोळ्यांदेखत गाडी सहा वेळा गेली. आपला डोळा माझ्यापेक्षा नवा नसला तरी तेवढं दिसलं असावं.

४. क्वार्टरच्या दारापासून फलाटापर्यंत जी वाट आहे तिला प्रदर्शनाच्या मांडणीत कोणी हात लावू नये. स्टेशनमास्तर ड्यूटीवर आहेत.

५. ६ फेब्रुवारी रोजी मुख्य मार्ग टेबल क्र. ४ वरून जाणार की नाही, आणि जाणार नसल्यास तो निर्णय कोणत्या सभेत, कोणाच्या उपस्थितीत झाला, याचं उत्तर हवं. तोंडी नको, फोनवर नको, सौभाग्यवतींकरवी नको.

गुरुवार, ५ फेब्रुवारी, दुपारी १२ च्या आत. लेखी.

विजया कर्णिक"